दोन विटा कमी

एका सरकारी खात्याच्या भांडारात हनुमंतरावांनी एकतीस वर्षं काढली, आणि त्या एकतीस वर्षांत कुणाही मागणाऱ्याला त्यांनी 'नाही' म्हटलं नाही. नाही म्हणणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो, त्याच्यावर अर्ज होतात. हनुमंतराव हो म्हणायचे, खुर्ची द्यायचे, आणि मग तीन कोटेशनं मागवायचे. तीन आली की तुलनात्मक तक्ता. तक्ता झाला की समिती. समिती बसली की तिच्यातला एकजण नेमका रजेवर. सहा महिन्यांनी मागणारा आपणच येऊन सांगायचा, साहेब, पंख्यावाचून चाललंय आमचं. ज्याला वस्तू खरोखरच हवी असे, तो मात्र शेवटपर्यंत चिकटून राही, आणि त्याला मिळालेली वस्तू सहसा मोडत नसे. हेही त्यांच्या बाजूने लिहून ठेवायला हवं.

म्हणून पोंगलनंतरच्या रविवारी त्यांची एकुलती मुलगी जननी कापीचा टंबलर त्यांच्यासमोर ठेवून म्हणाली, "अप्पा, फेब्रुवारीत मी आणि भुवना सायकलने धनुष्कोडीला जातोय," तेव्हा त्यांनी कापी संपवली आणि म्हणाले, "बरं."

आतून सरोजाबाई आल्या. "काय बरं? दोघी पोरी, सायकलीवर? झोपणार कुठे?"

"टेंटमध्ये, अम्मा."

"अय्यो."

जननी अठ्ठावीस वर्षांची, बँकेत अधिकारी. तंजावुरातल्या त्यांच्या घरात तिला मनाई करण्याची पद्धत नव्हती, आणि आता नवी सुरू करायला उशीर झाला होता. बारा ते वीस फेब्रुवारी तिची रजा मंजूर झाली होती. भुवना तिची कॉलेजातली मैत्रीण. मार्चात तिचं लग्न, मग मस्कत. म्हणजे हे नऊ दिवस हुकले तर दोघींनी दहा वर्षं ठरवत आणलेली सहल कायमची बुडणार. हे सगळं जननीने एका दमात सांगितलं आणि मग ती गोष्ट बोलली, जिच्यामुळे पुढचं सगळं घडलं.

"मी उद्या फोनवरून टेंट मागवू शकते. पण वस्तू निवडणं तुमचं काम. तुम्ही पास केलेला टेंट असेल तरच जाईन. नाहीतर नाही. शब्द देते."

हनुमंतरावांनी मनातल्या मनात ते वाक्य दोनदा वाचलं. मुलीने स्वतःच्या हाताने त्यांना शिक्का आणून दिला होता. इतकी हुशार मुलगी अशी चूक करेल हे त्यांना पटेना, पण शिक्का परत करणाऱ्यांतले ते नव्हते.

"तीन कोटेशनं आण," ते म्हणाले.

समितीही नेमली गेली. अध्यक्ष हनुमंतराव. सदस्य सरोजाबाई, कारण घरात त्यांच्याशिवाय काहीच पास होत नसे. आणि तांत्रिक सदस्य म्हणून शेजारचे व्यंकटरमण, जमीनमोजणीच्या नोकरीत अर्धा जन्म तंबूत काढलेले.

"आमचा टेंट कॅनव्हासचा," व्यंकटरमण पहिल्याच बैठकीत म्हणाले. "बैलगाडीतून यायचा. तो उभा करायला सहा माणसं, आणि मुक्काम हलला की त्याच्याकडे बघून रडायला सातवा."

"हा सायकलवर जाणारा आहे, मामा. अडीच किलोच्या आत हवा."

"अडीच किलो? आमच्या खुंट्याच तेवढ्या होत्या. पण हरकत नाही, जननी. आपले मराठी लोक या गावात आले ते तंबूत राहतच आले. तुझ्या रक्तात आहे."

"आणि आल्यावर त्यांनी काय केलं?" हनुमंतराव म्हणाले. "रामेश्वरच्या वाटेवर जागोजाग छत्रं बांधली. ओरत्तनाडूचं बघा केवढं आहे. वाटसरूला डोक्यावर छप्पर, पुढ्यात जेवण. कां बांधली? तंबूत झोपून कंटाळले म्हणून."

"त्या छत्रात आता कोण उतरतं?" जननीने विचारलं.

"तोच तर माझा मुद्दा आहे."

"माझाही तोच आहे, अप्पा," जननी म्हणाली आणि आत गेली.

हनुमंतरावांनी कागद पुढे ओढला. घरात मराठी बोलायची, लिहायची वेळ आली की तमिळ लिहायची आणि खाली सही इंग्रजीत ठोकायची, ही त्यांच्या घराण्याची तीन पिढ्यांची वहिवाट. त्यांनी रकाने आखले. वजन. काठ्या कशाच्या, घडी केल्यावर किती लांब. कापड एकेरी की दुहेरी. रंग. पाणी. आतली रुंदी. व्यंकटरमणांनी दोन सतरंज्या जमिनीवर शेजारी शेजारी टाकल्या, मध्ये हातभर सामानाची जागा धरली, मग ती अर्धी केली आणि जाहीर केलं, की दोघींना कमीत कमी एकशेवीस सेंटीमीटर हवेत. तो आकडा तक्त्याच्या डोक्यावर लिहिला गेला. हा आकडा लक्षात ठेवायचा.

तिन्ही तंबू घरपोच आले. दहा दिवसांत परत करायची सोय असलेलेच जननीने मागवले होते. एकेक करून ते गच्चीवर उभे राहिले. सिमेंटात खुंट्या जात नाहीत, म्हणून व्यंकटरमणांनी तुळशीपाशी रचलेल्या विटा आणल्या, प्रत्येक दोरीला एक वीट बांधली. चार कोपरे, दोन बाजू, एकूण सहा विटा.

पहिला तंबू नारिंगी. वजन दीड किलोच्या जरासं वर, बघून जननीचे डोळे चमकले. पण कापड एकेरी होतं. रात्रभर गच्चीवर ठेवल्यावर सकाळी हनुमंतरावांनी आत हात फिरवला तर हात ओला.

"दव पडलं असेल," जननी म्हणाली.

"दव बाहेर पडतं. हा आतून घामेजलाय. माणूस आत नसताना. दोघी झोपलात तर सकाळी पिळून काढावं लागेल तुम्हाला. आणि रंग बघ. ईसीआरवरून, त्या किनाऱ्याच्या हमरस्त्यावरून, जाणाऱ्या प्रत्येक लॉरीवाल्याला कळेल, इथे कोणीतरी झोपलंय."

जननीने मान हलवली. हे तिला पटलं, ही गोष्ट हनुमंतरावांना फारशी आवडली नाही. खरं कारण पटलं की माणूस पुढच्या वस्तूकडे जास्त उत्साहाने वळतो.

दुसरा निळा, ऐसपैस, आणि साडेतीन किलोचा. त्याच्या काठ्या फायबरच्या होत्या. व्यंकटरमणांनी कौतुकाने एक वाकवली, ती करकरली आणि उभी तडकली.

"माझा काही दोष नाही," व्यंकटरमण म्हणाले. "मी वाऱ्याइतकीच वाकवली."

"वारा काय तुम्हाला सांगून येतो, किती वाकवायची?" सरोजाबाई म्हणाल्या.

तो बाद झाला. दोन्ही शेरे खरे होते, स्वच्छ होते, आणि लिहिताना हनुमंतरावांना जुन्या खुर्चीत बसल्यासारखं वाटलं.

तिसऱ्याने घोळ केला.

तिसरा मळकट हिरवा. दुहेरी कापड, आत बारीक जाळी, वर पावसाचं पांघरूण. सव्वादोन किलो. काठ्या ॲल्युमिनियमच्या, घडी केल्यावर चाळीस सेंटीमीटर, म्हणजे कॅरियरवर आडव्या ठेवल्या तरी बाहेर डोकावणार नाहीत. झारीने पाच बादल्या पाणी ओतलं, आत थेंब नाही. दुपारी बारा वाजता हनुमंतराव आत जाऊन पडले, घाम आला पण जीव घाबरला नाही. त्यांनी शिवणींना नख लावून पाहिलं. चेन चाळीस वेळा उघडली आणि लावली. इतकी निर्दोष वस्तू त्यांच्या हाताखालून गेली होती ती एकदाच, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली, आणि ती सुद्धा दुसऱ्या कचेरीसाठी होती.

मग सरोजाबाई आत गेल्या, बघते म्हणून. अर्ध्या तासाने हनुमंतरावांनी हाक मारली, "कापी?"

"मी समितीच्या कामात आहे," आतून आवाज आला.

संध्याकाळी व्यंकटरमण घरी गेले, जननी भुवनाकडे गेली, आणि सरोजाबाई दिवा लावायला खाली उतरल्या. मोजायची तेवढी रुंदी राहिली होती. हनुमंतराव एकटे गच्चीवर आले. पाण्याच्या वेळी हलवलेल्या विटा परत बांधायच्या होत्या. त्यांनी चार कोपरे बांधले. बाजूच्या दोन विटा उचलायला ते तुळशीपर्यंत गेले, तिथे थोडं उभे राहिले, आणि रिकाम्या हाताने परत आले.

बाजूच्या दोऱ्या ताणल्या नाहीत की अशा तंबूचा तळ मध्ये आत येतो. त्यांनी तिथेच टेप लावला. एकशेसोळा. आकडा त्यांनी वाचला तसाच लिहिला. मोजलेला आकडा खरा होता, फक्त मोजलेला तंबू पूर्ण नव्हता.

शेरा: रुंदी अपुरी. नामंजूर.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटरमणांनी पेपर वाचता वाचता सही केली. सरोजाबाईंनी कागद जरा जास्त वेळ धरला, नवऱ्याकडे पाहिलं, आणि सही केली. जननीने तक्ता उभ्याने वाचला, बोट एका रकान्यावरून दुसऱ्यावर नेत.

"एकशेसोळा," ती म्हणाली.

"चार सेंटीमीटर म्हणजे थोडे नव्हेत. सामान कुठे ठेवाल?"

"सरि, अप्पा. ठीक आहे."

बस, एवढंच. रडणं नाही, दार आपटणं नाही. चार तारीख होती. हनुमंतरावांनी हिशेब केला, नवीन तीन तंबू मागवून, तपासून, बैठक घेईपर्यंत वीस उजाडणार. त्या दिवशी ते दुपारी नेहमीपेक्षा जास्त वेळ झोपले.

संध्याकाळी जननी बँकेतून आली ती एक कागद घेऊनच. "अप्पा, तुमच्या भांडारात तिन्ही कोटेशनं बाद झाली तर काय करायचे?"

"पुन्हा मागवायचे."

"आणि वेळ नसेल तर? तुम्हीच सांगितलंय मला, मी नववीत असताना, शाळेच्या नाटकाच्या पडद्याच्या वेळी. स्थानिक कारागिराकडून, बाद केलेल्या कारणांना धरून, करवून घ्यायचे." तिने कागद त्यांच्यासमोर ठेवला. "हे बघा. कापड दुहेरी. रंग मळकट. वजन अडीचच्या आत. काठी चाळीसची. रुंदी एकशेवीसच्या वर. सगळी तुमचीच कारणं. ओळीने लावली की शिंप्याला द्यायचं माप तयार होतंय."

हनुमंतरावांनी कागद पाहिला. बाद करण्याची कारणं इतकी नीट लिहायची सवय त्यांना महागात पडणार होती.

"कोण शिंपी?"

"रघोजी."

रघोजीचं दुकान राजवाड्यामागच्या गल्लीत. देवळाच्या रथाला चारी बाजूंनी लोंबणारे रंगीत कापडी खांब, उत्सवाच्या छत्र्या, आणि देवाचं काम नसेल तेव्हा लॉरीवर घालायची ताडपत्री. रघोजीही मराठीच. हनुमंतरावांच्या मते त्याची मराठी निम्मी तमिळ होती. रघोजीचं हनुमंतरावांच्या मराठीबद्दल नेमकं हेच मत होतं, फक्त तो निम्मी न म्हणता पाऊण म्हणे.

"बरं," हनुमंतराव म्हणाले. त्यांना वाटलं, रथाचं कापड शिवणारा माणूस, त्याचा तंबू दहा किलोचा होणार. वजनाच्या रकान्यात आपोआप पडेल.

सहा तारखेला शुक्रवारी जननीने बँकेतून फोन केला. "अप्पा, रघोजी बोलावतायत. मापात काहीतरी अडतंय म्हणे. तुम्हीच लिहिलंय, तुम्हीच या." आणि संध्याकाळी स्कूटरवर मागे बसवून ती त्यांना घेऊन गेली.

दुकानात पाऊल टाकल्याबरोबर हनुमंतराव थांबले. छतापासून लाल, पिवळे, पांढरे कापडी खांब लोंबत होते, आणि त्यांच्या मधोमध जमिनीवर, एखाद्या हिरव्या बेडकासारखा, तो तिसरा तंबू बसला होता. चारी कोपरे चार शिवणयंत्रांच्या पायांना, आणि बाजूच्या दोन दोऱ्या, एक कातर ठेवायच्या पेटीला, एक रघोजीच्या खुर्चीला. सहाच्या सहा ताणलेल्या.

"हा परत गेला नाही?"

"कुरिअरवाला पहिले दोन घेऊन गेला," जननी म्हणाली. "हा नमुन्याला ठेवला. बारापर्यंत मुदत आहे."

रघोजीने चष्मा कपाळावर चढवला. "या, राव. बसा. नको, त्या खुर्चीवर नको, तिला दोरी आहे." त्याने कागद हातात घेतला. "सांगायचं ते सरळ सांगतों. हे कापड माझ्याकडे नाही. तंजावुरात कुणाकडेच नाही. माझ्या कापडाने शिवला तर तुमच्या मुलीला सायकलीऐवजी रथ लागेल, आणि तो ओढायला गाव. दुसरं, इतकं चांगलं काम समोर असताना मी कशाला खराब करू? पण मग मी म्हटलं, एवढा शहाणा माणूस नामंजूर म्हणतो, तर काहीतरी असेल. म्हणून माप घेतलं."

त्याने गळ्यातला टेप काढला, वाकून तंबूच्या दारातून आत सरकला आणि आतून ओरडला, "या, राव, तुम्हीच वाचा. माझे डोळे जुने."

हनुमंतराव गुडघ्यावर बसले. वाचायची गरज नव्हती, पण समोर टेप धरलेला असताना न वाचणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"एकशेसत्तावीस," ते म्हणाले.

"तुमच्या कागदात एकशेसोळा." रघोजी बाहेर आला, धोतराची धूळ झटकली. त्याच्या आवाजात खोच नव्हती, नुसतं कुतूहल होतं, आणि तेच जास्त टोचलं. "टेप माझा जुना आहे, राव. पण रथाला आजवर अकरा सेंटीमीटर चुकला नाही. चुकला असता तर देव कलता बसला असता. तुमच्याकडे काय झालं?"

जननी कापडी खांबांकडे बघत होती. एक खांब तिने हाताने हळूच गोल फिरवला. ती बाजूच्या दोऱ्यांबद्दल काही बोलली नाही, गच्चीबद्दल काही बोलली नाही. हनुमंतरावांच्या ध्यानात आलं, की तिला हे तक्ता वाचला तेव्हापासूनच माहीत होतं; तंबूबरोबर आलेल्या कागदावर रुंदी छापलेली असते. 'एकशेसोळा' म्हणताना तिच्या आवाजात जे होतं ती निराशा नव्हती. ते मोजणं होतं.

"दोन विटा कमी पडल्या," हनुमंतराव म्हणाले.

"विटा?"

"गच्चीवर. बाजूच्या. बांधल्या नव्हत्या."

"हां," रघोजी म्हणाला, आणि त्याच्या दृष्टीने प्रकरण मिटलं. "मग चुकणारच. कापी घेणार?"

परत येताना वाटेत रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा जननी पुढे बघतच म्हणाली, "अप्पा, नाही म्हणायचं होतं तर नाही म्हणायचं."

"तू ऐकलं असतंस?"

"नाही. पण तुमचा कागद तरी स्वच्छ राहिला असता."

फाटक उघडलं.

घरी सरोजाबाई टेबलाशी बसून वालाच्या शेंगा निवडत होत्या. तक्ता हनुमंतरावांनी त्यांच्यासमोरच पसरला. चुकलेली नोंद खोडायची नाही, पान फाडायचं नाही, पांढरी शाई लावायची नाही. आकडा वाचता येईल अशी त्यावर एकच रेघ मारायची, बरोबर आकडा वर लिहायचा आणि शेजारी सही करायची. नव्या कारकुनांना ते हे पहिल्याच दिवशी शिकवत. त्यांनी एकशेसोळावर रेघ मारली, वर एकशेसत्तावीस लिहिलं, सही केली, तारीख टाकली. मग 'नामंजूर'वर रेघ मारली.

"पाहिलं होतं मी," सरोजाबाई शेंगेवरून नजर न काढता म्हणाल्या. "दिवा लावून परत गच्चीवर आले तर दोन विटा तुळशीपाशीच होत्या."

"मग सही कशी केलीस?"

"मलाही नकोच होतं तिचं जाणं."

"आणि आता?"

"आता मुलीने दोघांना पकडलंय. पकडल्यावर तरी सरळ वागायचं की नाही? इकडे आणा तो कागद." त्यांनी ओले हात पदराला पुसले आणि दुरुस्तीच्या शेजारी आपली सही केली.

व्यंकटरमणांना कुंपणावरून बोलावलं. त्यांनी याही वेळी न वाचताच सही केली आणि विचारलं, "कोणता पास झाला?"

"तिसरा."

"मी पहिल्यापासून तेच म्हणत होतो," व्यंकटरमण म्हणाले. त्यांनी तसं काहीच म्हटलेलं नव्हतं, पण समितीत एक माणूस असा लागतोच.

बारा तारखेला पहाटे साडेपाचला भुवना सायकल घेऊन दारात आली. सरोजाबाईंनी दोघींना इडल्या बांधून दिल्या आणि न सांगता तांदळाच्या पापडांचा एक डबाही कोंबला. त्याचं वजन त्या नऊ दिवसांत जननीला पुरतं कळणार होतं. तंबू कॅरियरवर आडवा बांधला होता, बाहेर कुठेही डोकावत नव्हता. हनुमंतराव मागून पुढून पाहून आले, पट्टा ओढून पाहिला. मग त्यांनी खुंट्यांची पिशवी हातात घेऊन मोजली. चौदा होत्या. यादीत बारा.

"दोन जास्त आहेत," ते म्हणाले.

"बाजूच्या दोऱ्यांसाठी. वाळूत एकेक खुंटी टिकत नाही म्हणे, म्हणून जोडी," जननी म्हणाली. "रघोजींनी दिल्या."

हनुमंतरावांनी पिशवी परत बांधली. आत जाऊन ते एक जाड वही घेऊन आले. निवृत्तीच्या दिवशी भांडारातल्यांनी दिलेली, कोरी, अजून एकही ओळ न लिहिलेली. पहिल्या पानावर त्यांनी रात्रीच रकाने आखून ठेवले होते. वस्तू: तंबू, एक. खुंट्या: बारा. बाराचे त्यांनी चौदा केले, रेघ मारून, सही करून. दिल्याची तारीख: बारा. दिली तेव्हाची स्थिती: चांगली.

"इथे सही," ते जननीला म्हणाले. "आणि भुवना, तू इथे. दोघी जबाबदार."

भुवना हसली, पण जननी हसली नाही. तिने वही सायकलच्या सीटवर ठेवून नीट सही केली. शेवटचे दोन रकाने तिने वाचले. परत आल्याची तारीख: वीस, हे त्यांनी आधीच भरून ठेवलं होतं, नियमाविरुद्ध. त्याच्या पुढचा, परत आल्यावरच्या स्थितीचा, रिकामा होता.

"अप्पा, ही तारीख आधी नसते भरायची."

"माहीत आहे."

तिने पेन परत दिलं, पाय पेडलवर ठेवला, आणि दोघी ओरत्तनाडूच्या रस्त्याला लागल्या. वळणावर मागचे लाल दिवे दिसेनासे झाल्यावर हनुमंतराव वही बगलेत धरून आत वळले. पायरीशी सरोजाबाई उभ्या होत्या.

"कापी?" त्यांनी विचारलं.

"बरं," हनुमंतराव म्हणाले.